खळ्याचा ओला कोपरा

शिरड शहापूरच्या अलीकडे, रस्त्यापासून थोडं आत, एका शेतात हळद वाळवायचं सिमेंटचं खळं आहे. त्याचा एक कोपरा बाकीच्या खळ्यापेक्षा दोन बोटं खाली आहे. पाऊस पडला की तिथं पाणी साचतं आणि कोंबड्या येऊन पितात. नवीन माणसाला वाटतं, गवंड्यानं लेव्हल चुकवली. लेव्हल चुकलेली नाही. बाकीच्या खळ्यावर नंतर सिमेंटचा थर चढवावा लागला, त्या कोपऱ्याला लागला नाही, म्हणून तो खाली राहिला. का लागला नाही, हे सहा वर्षं एकट्या मला माहीत होतं.

मी फार बोलणारा माणूस नाही. बायको म्हणते, तुमच्या तोंडातून शब्द काढायचा तर बोअर मारावा लागतो. हे लिहून काढतोय ते त्यामुळंच. बोलायला बसलो असतो तर अर्ध्यात थांबलो असतो.

ते खळं ज्यानं ओतलं, तो माझा जोडीदार. वसमतच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीच्या हाताखाली आम्ही एकाच उन्हाळ्यात कामाला लागलो. तो नववीतून शाळा सोडून आला होता आणि मी पॉलिटेक्निकच्या सुट्टीत चार पैसे कमवायला. पुढं मला पदविका मिळाली, नोकरी मिळाली नाही, आणि मी परत सिमेंटातच आलो, फक्त ठेकेदार होऊन. माझ्या कामांवर तो थापी धरायचा आणि मी टेप धरायचो. मला तो ‘इंजनेर’ म्हणायचा. त्यात निम्मी चेष्टा असायची, निम्मा मान.

तो बौद्ध वस्तीतला आणि मी जमीनवाल्यांच्या घरातला. हे इथं लिहायची गरज नाही असं मनात आलं, म्हणूनच लिहितो. आम्ही एका डब्यातून जेवलो. त्याच्या लेकीच्या लग्नात मी पंगतीत वाढायला होतो. तरी तो माझ्यापेक्षा एक पायरी खाली उभा आहे हे मी कुठंतरी धरून चाललो होतो, आणि तो त्या पायरीवर होता तोवर मला त्याच्याबद्दल फार प्रेम होतं.

साखर कारखान्याच्या मागं राखेचा ढिगारा असतो. उसाचं चिपाड बॉयलरमध्ये जाळतात, त्याची ही राख. ट्रॅक्टरवाले खड्डे बुजवायला नेतात. वाऱ्याच्या दिवसांत ती आसपासच्या पापडांवर बसते आणि बायका कारखान्याचा उद्धार करतात. एकदा आम्ही तिथं भरावासाठी राख बघायला गेलो होतो. मी मोबाइलवर कुणाशी तरी बोलत होतो. तो फावडं घेऊन ढिगाऱ्याभोवती फिरत होता, आणि एका जागी त्याचं फावडं खणकन वाजलं.

“इंजनेर, हिकडं ये.”

कारखान्यात उसाचा रस साफ करायला चुना वापरतात. त्याचा गाळ त्या जागी राखेवर सांडला होता, वरून पावसाळा गेला होता, आणि तिथली राख दगड झाली होती.

“म्हातारा चुन्यात सुरखी घालायचा, आठवतं का?” तो म्हणाला. सुरखी म्हणजे भाजक्या विटेची भुकटी. “ही सुरखीच व्हय. फुकटातली.”

माझ्या पदविकेच्या पुस्तकात यावर एक अख्खं प्रकरण होतं. सिमेंट पाण्याशी जुळताना थोडा चुना मोकळा राहतो, बारीक राख त्याला धरते, आणि जिथं सिमेंट कमी घातलं तिथं ती भर काढते. पण हे सावकाश होतं आणि ओल असेपर्यंतच होतं. परीक्षेत मी याचं उत्तर लिहून मार्क घेतले होते. आणि त्या दिवशी मीही त्याच ढिगाऱ्यावर उभा होतो. माझ्या पायाखाली होतं ते त्याच्या फावड्याला कळलं.

नंतरचं वर्षभर तो घरी खटपट करत होता. बायकोच्या मैद्याच्या चाळणीनं त्यानं राख चाळली, काळे जळके तुकडे वेगळे काढले, मिरची कांडपवाल्याच्या हातापाया पडून त्याच्या जुन्या यंत्रात ती दळून आणली. तेलाचे डबे कापून त्यात वेगवेगळ्या प्रमाणात सिमेंट, वाळू आणि राख ओतली, ते वाळल्यावर पाण्याच्या टिपाडात बुडवून ठेवले. मग खिळा. सातव्या दिवशी खिळ्यानं भुकटी निघायची. चौदाव्या दिवशी पांढरी रेघ उठायची. एकविसाव्या दिवशी खिळा घसरायचा. हे सगळं त्यानं न्हाणीघराच्या भिंतीवर कोळशानं लिहून ठेवलं होतं.

त्या मालाचे त्यानं पाडलेले बांधकामाचे ठोकळे खपायला लागले. मग जनावरांचे हौद. सिमेंट कमी लागायचं, टाकून दिलेली राख कामी यायची, आणि माल टिकायचा. जिल्ह्याच्या ठिकाणचे एक साहेब त्याच्या घरी येऊन बाजेवर बसून चहा पिऊन गेले. त्याच साहेबांच्या ऑफिसबाहेर मी दोन दुपारी बाकड्यावर काढल्या होत्या. कॉलेजची पोरं येऊन त्याच्या भिंतीवरच्या कोळशाचे फोटो काढून गेली.

एके दिवशी जेवताना बायको म्हणाली, “तुमाला काहून सुचलं न्हाई हे? तुमी तर शिकलेले.”

तिच्या मनात काही नव्हतं. मी कांदा फोडला आणि न खाता ताटात तसाच ठेवला.

हेवा काळजात असतो म्हणतात. माझा बोटांत होता. त्याच्या अंगणातून येता-जाता मी एखादा ठोकळा नखानं खरवडून बघायचो. एकही निघाला नाही. प्रत्येक वेळी मला खोटं हसू आणावं लागायचं आणि तो म्हणायचा, “कसा झालाय, इंजनेर?” मी म्हणायचो, बरा झालाय.

मग हे खळं आलं. शेत एका ताईचं. नवरा एसटीत ड्रायव्हर, शेतीचं सगळं तीच बघायची. हळद शिजवली की पंधरा-वीस दिवस वाळवावी लागते, आणि मातीवर वाळवली की तिला माती लागते. तिनं माझ्या जोडीदाराचा हौद कुठंतरी बघितला होता. “मिस्त्री, मला खळं करून द्या, त्याच मालाचं,” म्हणाली. एवढं मोठं काम त्याला पहिल्यांदाच मिळत होतं. ते जमलं असतं तर आसपासच्या सगळ्या हळदवाल्यांनी त्यालाच बोलावलं असतं. हे त्याला माहीत होतं, आणि मलाही.

थंडीत खळं ओतलं. मिक्सर माझा, माणसं माझी, माल त्याचा. दुसऱ्या दिवशी मातीचे बांध घालून खळ्यावर वाफे केले आणि पाणी भरलं. तिसऱ्या दिवशी त्याच्या बायकोचं पोटाचं ऑपरेशन ठरलं आणि त्याला नांदेडला जावं लागलं.

“इंजनेर, तुझ्यावर सोडून चाललो,” बस स्टँडवर तो म्हणाला. “एकवीस दिवस. राखेला वेळ लागतो. तुला काय सांगायचं, तुला म्हाईतच हाय.”

“म्हाईत हाय,” मी म्हणालो.

आमच्याकडं कुठलंही सिमेंटचं काम असो, पाणी सात दिवस. आठव्या दिवशी वाफे फोडायचे. ही इतकी अंगवळणी पडलेली रीत आहे की कुणी तिचा विचार करत नाही. सातव्या दिवसापर्यंत मी रोज जाऊन पाणी बघितलं. आठव्या दिवशी सकाळी गेलो तर ताई फावडं घेऊनच उभी होती.

“दादा, आज आठवा दिवस. वाफे फोडू का? गव्हाला पानी लागून राहिलं, आन लाइट दुपारीच जाती.”

मी गाडीवरून उतरलोसुद्धा नव्हतो. शब्द निघायच्या आधीच माझा बचाव तयार होता: सगळे सात दिवसच देतात, मीही तेवढंच दिलं, कुणी मला काय म्हणणार.

“फोडा,” मी म्हणालो.

तिनं बांधाला फावडं मारलं. पाणी गव्हात गेलं.

रोज संध्याकाळी त्याचा फोन यायचा. मागं दवाखान्याचा आवाज. बायकोच्या ऑपरेशनच्या टाक्यांत पाणी झालं होतं, त्याचा मुक्काम लांबत चालला होता. तिची चौकशी मी आधी करायचो. मग तो विचारायचा, “पानी चालूय ना?”

“व्हय.”

इतकंच. रोज एकदा.

एकोणिसाव्या दिवशी सकाळीच फोन आला, म्हणाला, उद्या येऊन राहिलो. त्या दुपारी मी गडी घेऊन गेलो, परत बांध घातले, खळ्यावर पाणी भरलं. ताई बघत होती.

“आता काहून, दादा?”

“शेवटचं एक पानी देत असतेत.”

“तुमचं तुमाला ठाऊक,” ती म्हणाली आणि कामाला गेली.

आठव्या दिवशी वाफे फोडले ही गोष्ट तिनं पुढं कधी त्याला सांगितली नाही. लपवायचं म्हणून नव्हे. सगळेच आठव्या दिवशी फोडतात, त्यात सांगण्यासारखं काय.

तो बसमधून उतरून घरी न जाता थेट खळ्यावर आला. पिशवी बांधावर ठेवली, गुडघ्यावर बसला, पाण्यात तळहात बुडवून खालचा माल चाचपला. मग त्याच ओल्या हातानं माझा हात धरला. “बायकोचं बगू का हे बगू असं झालं होतं गड्या. तू होता म्हनून.”

दोन दिवसांनी त्यानं खिळा ओढला. खिळा घसरला नाही, रेघ उठली. तो रेघेवरून अंगठा फिरवत म्हणाला, “थंडी हाय. वेळ घेईल.” मी मान हलवली.

हळद शिजली, खळ्यावर पसरली, बायांनी दाताळ्यानं खालीवर केली, आणि खळ्याला करडी भुकटी सुटली. पॉलिश करूनही ती हळकुंडांच्या खाचांतून निघाली नाही. मोंढ्यात व्यापाऱ्यानं हळकुंड चोळून ताईला आपलं बोट दाखवलं आणि भाव पाडला. ती भांडली नाही. ओंजळभर हळद आणून माझ्या जोडीदाराच्या ओट्यावर ठेवली. “मिस्त्री, हे बगा,” एवढं म्हणाली आणि गेली.

महिन्याभरात त्याला नाव पडलं. हॉटेलात शिरला की कुणीतरी म्हणायचं, “राखुंडी आली, दात घासून घ्या.” लोक हसायचे. एकदा मीही हसलो. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि तोही थोडा हसला, मला अवघड वाटू नये म्हणून.

ठोकळे घेणारं कुणी राहिलं नाही. मी त्याला माझ्या कामावर परत बोलावलं. तो आला. आपण त्याला काम दिलं हे मी चारचौघांत दोनदा बोलून दाखवलं. त्या दिवसांत मला भूक चांगली लागायची.

ताईच्या खळ्यावर त्यानं स्वतःच्या हातानं, स्वतःच्या सिमेंटचा थर चढवून दिला. थर धरावा म्हणून आधी जुना पृष्ठभाग छिन्नीनं टाचून खरबरीत करून घ्यावा लागतो. टाचत टाचत तो हौदाजवळच्या कोपऱ्यात आला आणि छिन्नी उडाली. खिळा ओढला, तो घसरला. घोंगडीएवढा तो तुकडा काळ्या दगडासारखा झाला होता. तो तिथंच बसला.

“इंजनेर, हितं काय येगळं पडलं?”

मला दिसत होतं काय वेगळं पडलं ते. तिथं जनावरांचा हौद होता आणि त्याची तोटी गळायची. वाफे फोडल्यावरही तेवढा कोपरा सतत ओला राहिला. पण ताईच्या नवऱ्यानं मध्यंतरी तोटी बदलली होती, आणि आता तिथं कोरडं होतं.

“माल तेवढा नीट कालवला गेला असंल,” मी म्हणालो.

सहा वर्षं तो त्या उत्तराच्या मागं लागला. घरच्या डब्यांत जमायचं ते खळ्यावर का जमलं नाही, आणि खळ्यावर जमलं नाही तर कोपऱ्यात कसं जमलं? खळं ओतलं त्या दिवशीची राख कारखान्याच्या पहिल्या पाळीची होती का? चाळणी फाटली होती का? त्या दिवशीची अर्धी गोणी राख त्यानं जपून ठेवली होती, तिचा डबा ओतून पाहिला, तोही कडक झाला. तेव्हा तर त्यानं डोकंच धरलं. राखेवर संशय घेतला, वाळूवर घेतला, स्वतःच्या हातावर घेतला. पाणी मात्र बरोबर मिळालं हे तो धरून चालला होता, कारण ते मी दिलं होतं.

काम सुटलं की माझ्या गाडीवर मागं बसून तो हेच बोलायचा. मी पुढं बघून गाडी चालवायचो. आणि खरं सांगायचं तर मला तेव्हाही त्याचा हेवाच वाटायचा. सगळं गमावलं तरी त्याच्याकडं विचार करायला काहीतरी होतं. माझ्याकडं फक्त एक उत्तर होतं, तेही लपवलेलं.

या वर्षी हळदीचा हंगाम सरल्यावर त्यानं मला वारंगा फाट्यावरच्या हॉटेलात बोलावलं. सकाळची वेळ, ट्रकवाले नाश्ता करत होते. त्यानं रुमाल उघडला. आत कोपऱ्याचा एक तुकडा होता, ताईला विचारून फोडून आणलेला.

“नांदेडच्या इंजनेरी कॉलेजला पाठवायचाय. तपासून देतेत म्हनं. आर्ज तू लिव, तुझं मराठी चांगलं हाय.”

मी कागद घेतला. महोदय लिहिलं. विषय लिहिला. चिपाडाच्या राखेच्या काँक्रीटचा तुकडा तपासून मिळण्याबाबत. तो सांगत गेला, मी लिहीत गेलो. किती सिमेंट, किती राख, कुठली वाळू.

“आता लिव,” तो म्हणाला, “की ह्या कोपऱ्याला आन बाकीच्या खळ्याला पानी सारखंच, एकवीस दिवस दिलेलं हाय.”

मी थांबलो.

“काय झालं? पेन चालंना का?”

“पेन चालतंय. हे लिहिता येत न्हाई.”

“काहून?”

“खरं न्हाई ते.”

मग सांगितलं. फार शब्द लागले नाहीत. तो तुकडा हातात धरून ऐकत होता.

“कितव्या दिवशी?”

“आठव्या.”

“आन हा कोपरा?”

“हौदाची तोटी गळत होती.”

त्यानं तुकडा उलटा केला, सुलटा केला. त्याच्या चेहऱ्यावर आलं ते मी अपेक्षिलं नव्हतं. तो खूश झाला होता.

“म्हंजे राख बराबर होती,” तो हळू म्हणाला. “माझा हात बराबर होता.”

मी समोर बसलो होतो, त्याचं सहा वर्षांचं नुकसान केलेला माणूस, आणि त्या क्षणी त्याला माझी आठवणही नव्हती. तो त्याच्या राखेत गेला होता. त्या आनंदाचाही मला हेवा वाटला. हे लिहायला सगळ्यात जड गेलं.

मग त्यानं मान वर केली. “काहून केलं?”

“तुला सुचलं. मला न्हाई सुचलं.”

त्यानं रस्त्याकडं तोंड फिरवलं. “मी दवाखान्यातून फोन करून राहिलो होतो,” म्हणाला.

मग त्यानं कागद माझ्याकडं सरकवला. “लिव. जे झालं ते लिव.”

मी लिहिलं: सदर कोपरा सतत ओला राहिला, उर्वरित खळ्याचे पाणी आठव्या दिवशी बंद करण्यात आले.

“कुनी केलं ते?”

मी ‘माझ्या सांगण्यावरून’ हे शब्द वर घातले.

“आता खाली सही कर. शिक्षन बी लिव.”

मी सही केली आणि खाली पदविका लिहिली. त्यानं कागदाची घडी घातली, तुकडा रुमालात बांधला. उठताना म्हणाला, “ताईला तुमीच सांगा.” आजवर त्यानं मला कधी ‘तुमी’ म्हटलं नव्हतं.

ताईला सांगायला मला चार दिवस लागले. ती गोठ्याच्या दारात उभी राहून ऐकत होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, “मी इचारलं होतं तुमाला.”

“व्हय.”

“तुमी गाडीवरून उतरले बी न्हवते.”

तिनंही ते लक्षात ठेवलं होतं. मग मला पाणी दिलं, कारण दारात आलेल्याला ती देतेच.

माझ्या माघारी तिनं त्याला बोलावून घेतलं. खळ्याला लागून एक नवा पट्टा त्यानं ओतला, राखेचाच. मिक्सर दुसऱ्याचा होता. माझ्याकडं तो आता कामाला येत नाही. मी त्या रस्त्यानं जात-येत होतो आणि दिवस मोजत होतो. आठव्या दिवशी मान वळवून बघितलं, वाफ्यांत पाणी चमकत होतं. पंधराव्या दिवशीही होतं. हे जमावं असं मला वाटत होतं. आणि एखादा बांध आपसूक फुटावा, असंही वाटत होतं. दोन्ही एकाच वेळी.

तेविसाव्या दिवशी ताईनं रस्त्यावर मला हात केला. तो तिथं नव्हता. पट्टा कोरडा, काळसर, गुळगुळीत. तिच्या हातात खिळा होता.

“बगा, तुमीच वढून बगा.”

या वेळी मी गाडीवरून उतरलो. खाली बसलो आणि खिळा ओढला. तो घसरला.

मग आणखी एकदा ओढला, जरा जोरानं.